खाण तशी माती? – रक्तांतल्या वारशाची गोष्ट

‘खाण तशी माती’ ही म्हण मराठी घरांत दोन प्रसंगीं हटकून ऐकूं येते. मुलानें परीक्षेंत नांव काढलें म्हणजे आजोळ आणि वडिलांचें घर दोन्हीं त्या यशावर हक्क सांगूं लागतात. आणि तेंच मूल सदा आजारी राहिलें, अधू निघालें किंवा अकालीं गेलें, म्हणजे हीच म्हण सासरच्या माजघरांत दबक्या आवाजानें सुनेच्या माहेराकडे बोट दाखवूं लागते. पहिल्या प्रसंगीं तिच्यामुळें कोणाचें नुकसान होत नाहीं. दुसऱ्या प्रसंगीं मात्र एखाद्या स्त्रीचा जन्म करपून जातो. म्हणून या म्हणींत खरें किती आणि खोटें किती, हें एकदां शास्त्राच्या काट्यावर तोलून पाहणें अगत्याचें आहे.

माणसाचें शरीर अतिसूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. बहुतेक पेशींच्या पोटांत एक केंद्रक असतें, आणि पेशी दुभंगावयाच्या वेळीं त्या केंद्रकांत आंखूड दोऱ्यांसारखे तुकडे दिसूं लागतात. रंग दिला असतां ते चटकन् रंग धरतात; म्हणून १८८८ सालीं वाल्डेयर या जर्मन पंडितानें त्यांना ‘रंगीत देह’ अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें. मराठींत त्यांना गुणसूत्रें म्हणतात, आणि हें नांव अधिक बोलकें आहे. कारण गुणांचें सूत्र खरोखरच तेथें ओवलेलें असतें. मनुष्याच्या पेशींत हीं सूत्रें किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. १९२३ सालापासून पुढें तीस वर्षांहून अधिक काळ ४८ हा आंकडा जगभर शिकविला जात होता. १९५६ सालीं स्वीडनमधील लुंड येथें जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनीं नव्या पद्धतीनें पेशी पसरून मोजणी केली, तेव्हां खरा आंकडा ४६ निघाला. तेवीस सूत्रें आईकडून आणि तेवीस बापाकडून अशा तेवीस जोड्या प्रत्येक मनुष्य घेऊन जन्माला येतो. म्हणीला पहिली दुरुस्ती येथेंच करावी लागते. माती एका खाणीची कधींच नसते. ती दोन खाणींची, आणि निम्मी निम्मी असते.

या सूत्रांत आहे तरी काय, हें समजावयाला येवल्याच्या मनुष्याला फार लांब जावयास नको. पैठणीच्या या गांवांत माग हा घरच्या माणसासारखा आहे. ज्या मागावर जकार्ड चढविलेला असतो, त्याच्या माथ्यावर छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. कोणत्या क्षणीं कोणते उभे धागे उचलले जावयाचे, तें त्या छिद्रांवरून ठरतें. आणि धोटा फिरत राहिला म्हणजे वेल, फूल, मोर आपोआप वस्त्रावर उमटत जातात. पुठ्ठ्यांत रेशीम नाहीं, जर नाहीं, रंगही नाहीं. आहे ती केवळ आज्ञा. गुणसूत्र हीहि अशीच आज्ञांची माळ होय. त्यांतील एकेका आज्ञेला जनुक म्हणतात. शरीराला लागणारें एखादें प्रथिन कोणत्या घटकांपासून, कोणत्या क्रमानें विणावयाचें, हें जनुक सांगतें.

या आज्ञा चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेल्या आहेत. १९५३ सालीं वॉटसन आणि क्रिक यांनीं त्या लिपीच्या दुपेडी दोराची रचना दाखविली. एका पेशींतील सारा दोर उलगडून सरळ केला, तर तो सुमारें २ मीटर भरेल. तेवीस सूत्रांच्या एका संचांत सुमारें ३०० कोटि अक्षरें आहेत. तीं वाचून काढण्याचें काम अनेक राष्ट्रांनीं मिळून १९९० सालीं हातीं घेतलें. २००३ सालीं तें पुरें झाल्याचें जाहीर झालें, आणि मध्यें राहिलेले अवघड रिते भाग २०२२ सालीं भरले गेले. एवढ्या मोठ्या पोथींत प्रथिनें घडविणारीं जनुकें मात्र सुमारें २० हजारच निघालीं.

आतां मागाचाच दृष्टांत जरा पुढें नेऊं. विणकराच्या हातून एका पैठणींत एखादा धागा तुटला, तर दोष त्या एका वस्त्रापुरता राहतो. पुढचें वस्त्र निर्दोष निघूं शकतें. पण पुठ्ठ्यांतच एक छिद्र चुकीच्या जागीं पडलें असेल, तर त्यावर विणलेल्या प्रत्येक वस्त्रांत तोच दोष त्याच जागीं उमटेल. आणि त्या पुठ्ठ्यावरून कोणी दुसरे पुठ्ठे पाडले, तर दोष त्यांतहि जाईल. रोगांचेंहि असेंच आहे. बापाचें बोट यंत्रांत सांपडून तुटलें, म्हणून मुलाचें बोट आंखूड होत नाहीं. देवीचे वण मुलाकडे जात नाहींत. परंतु आज्ञेच्या अक्षरांतच फरक पडला असेल, तर तो पिढीमागून पिढी उतरूं शकतो. यालाच आनुवंशिक रोग म्हणतात.

याचें सर्वांत स्पष्ट आणि आपल्या प्रांताला जवळचें उदाहरण म्हणजे सिकल सेल हा रक्ताचा आजार. विदर्भांत, सातपुड्याच्या कुशींतील नंदुरबारकडे, आणि खुद्द नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी तालुक्यांत हें नांव आज खेड्यापाड्यांतील माणसेंहि उच्चारतात. रक्ताची तांबडी पेशी निरोगी माणसांत चपट्या, मऊ चकतीसारखी असते आणि केसाहून बारीक नलिकांतूनहि दबून, वाकून पार होते. या आजारांत ती प्राणवायु कमी पडतांच ताठ होऊन विळ्यासारखी वांकडी होते. अशा विळ्यांची गर्दी झाली म्हणजे बारीक नलिका तुंबतात. मग हाडांत, पोटांत, छातींत असह्य कळा येतात. प्लीहा निकामी होते. लहान मुलांना जंतूंची बाधा सहज होते. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही वांकडी पेशी दहा-वीस दिवसांतच संपते, म्हणून अंगांत रक्त टिकत नाहीं.

१९१० सालीं शिकागो येथें हेरिक या वैद्यानें ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत अशा पेशी पाहून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, दोष रक्ताच्या तांबड्या द्रव्यांत, म्हणजे हिमोग्लोबिनच्या रेणूंत आहे. थोड्याच वर्षांनीं व्हर्नन इंग्रॅम यांनीं तो दोष नेमका हुडकला. या रेणूच्या एका सांखळींत १४६ मणी आहेत. त्यांतील सहाव्या जागेवरचा एकच मणी बदललेला असतो. त्याचें मूळ अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत, एका अक्षराच्या फरकांत आहे. तीनशें कोटींतील एक अक्षर! मुलाच्या वहींतील काना-मात्रेची चूक मास्तर लाल शाईनें दुरुस्त करतात; ही चूक मात्र त्याच्या साऱ्या आयुष्यभर वेदना होऊन राहते.

भारतांत हा दोष १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींच्या रक्तांत लेमन आणि कटबुश यांना प्रथम आढळला. पुढें मध्य भारत, विदर्भ, खानदेश, गुजराथ अशा विस्तृत पट्ट्यांत तो सांपडत गेला. महाराष्ट्रांतील कांहीं जमातींत दहा माणसांमागें एक, किंवा त्याहूनहि अधिक, या जनुकाचे वाहक आहेत. इतका घातक दोष इतक्या लोकांत टिकला कसा, असा प्रश्न साहजिक उद्भवतो. त्याचें उत्तर १९५४ सालीं ॲलिसन यांनीं आफ्रिकेंतील पाहणीवरून दिलें. ज्याच्याजवळ या जनुकाची एकच प्रत असते, त्याला मारक हिंवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळतें. हिंवतापानें गांवेंच्या गांवें ओस पडत होतीं, त्या काळीं जंगलांत राहणाऱ्या कित्येक माणसांना याच जनुकानें तगविलें. ज्याला आज दोष म्हणावयाचें, तें एके काळीं त्यांचें चिलखत होतें. तेव्हां ‘अमक्या जातीचें रक्तच नासकें’ असें बोलणाऱ्यानें आपली जीभ आवरावी, हें बरें. असलीं लपलेलीं सदोष जनुकें थोडींफार प्रत्येक माणसाजवळ असतात. कोणाचीं कोठें दडलीं आहेत, एवढाच फरक.

वाहक आणि रोगी यांतील भेद नीट ध्यानीं धरावयास हवा. साऱ्या विषयाचें मर्म तेथें आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. एक प्रत सदोष व दुसरी निर्दोष असेल, तर निर्दोष प्रत काम निभावून नेते. असा मनुष्य वाहक होय. तो शेत नांगरतो, कुस्ती खेळतो, म्हातारा होतो. आपल्याजवळ कांहीं आहे याची त्याला बहुधा वार्ताहि नसते. पण समजा, अशाच दोन वाहकांचा विवाह झाला. प्रत्येक गर्भाच्या वेळीं दोघेहि आपापल्या दोन प्रतींपैकीं एकेक देणार. कोणती जाईल, तें नाणेफेकीसारखें आहे. दोन्हीं निर्दोष जाण्याचा संभव चारांत एक; एक सदोष व एक निर्दोष जाण्याचा चारांत दोन; आणि दोन्हीं सदोष जाण्याचा चारांत एक. या शेवटच्या प्रकारांत मूल रोगी जन्मतें.

येथें पुष्कळांची एक गैरसमजूत होते. ‘चारांत एक’ म्हणजे चार मुलांपैकीं नेमकें एक रोगी, असा त्याचा अर्थ नव्हे. पहिलें मूल रोगी निघालें, आतां पुढचीं तिन्हीं सुखरूप, असा हिशेब मांडणारे आईबाप फसतात. नाण्याला मागची फेक आठवत नाहीं. प्रत्येक गर्भाच्या वेळीं संभव पुनः चारांत एक इतकाच असतो. एखाद्या घरीं चारीं मुलें निरोगी निघतील, एखाद्या घरीं लागोपाठ दोन रोगी निघतील. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. असें मूल जन्माला आलें, तर आईची एक प्रत आणि बापाची एक प्रत, दोन्हीं त्यांत असल्याच पाहिजेत. सुनेच्या माहेराकडे रोखलेलें बोट तितकेंच आपल्या घराकडेहि वळतें. करणी, दृष्ट, पूर्वजन्मीचें पातक यांना तर या हिशेबांत रकानाच नाहीं.

दोन प्रती एकत्र येण्याचा योग नात्यांतल्या लग्नांत अधिक असतो. महाराष्ट्रांत सगोत्र विवाह वर्ज्य मानतात. पण गोत्र चालतें बापाच्या बाजूनें. मामाची मुलगी निराळ्या गोत्राची, म्हणून कित्येक समाजांत ती हक्काची वधू ठरते. जनुकांना गोत्र कळत नाहीं. आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी यांना एकाच आजीआजोबांकडून आलेलीं जनुकें सरासरीनें आठांत एक इतकीं समान असतात; मामा-भाची यांच्यांत तर चारांत एक. आजोबांच्या एकाच सदोष प्रतीच्या दोन नकला दोन बाजूंनीं फिरून नातवंडाच्या मुलांत भेटूं शकतात. प्रत्येक अशा लग्नांतून रोग निपजतोच असें नाहीं. परंतु संभव वाढतो, आणि घराण्यांत एखादा ज्ञात आजार असेल तर फारच वाढतो.

अशा दोन प्रती एकत्र येण्याची एक विलक्षण हकीकत मुंबई शहराच्या नांवावर जगाच्या वैद्यकांत नोंदलेली आहे. १९५२ सालीं डॉ. वाय. एम्. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनीं ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत एका नव्या रक्तगटाचें वर्णन केलें. ए, बी आणि ओ या गटांच्या मुळाशीं जो ‘एच्’ नांवाचा पदार्थ असतो, तोच या माणसांच्या तांबड्या पेशींवर नसतो. त्याचें जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. या गटाला आज जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. भारतांत तो सुमारें दहा हजारांत एकाचा असतो. हीं माणसें रोगी नव्हेत. परंतु साध्या तपासणींत त्यांचा गट ‘ओ’ असा भासतो, आणि ‘ओ’ गटाचें रक्त त्यांना दिलें तर तें जिवावर बेतूं शकतें. त्यांना त्यांच्याच गटाचें रक्त हवें. म्हणून कोणा भावंडांत हा गट निघाला, तर इतर सख्ख्या भावंडांनींहि आपलें रक्त तपासून ठेवावें. अडचणीच्या वेळीं दाता बहुधा घरांतच सांपडतो.

तेवीस जोड्यांपैकीं शेवटची जोडी निराळी आहे. स्त्रीजवळ दोन ‘एक्स’ सूत्रें असतात. पुरुषाजवळ एक ‘एक्स’ व एक लहानसें ‘वाय’. तांबडा आणि हिरवा यांतील भेद न ओळखणारी जी रंगांधता, तिचें जनुक ‘एक्स’ सूत्रावर आहे. पुरुषाला दुसरें ‘एक्स’ नसल्यामुळें त्याचा दोष झांकणारें कोणी राहत नाहीं. म्हणून ही रंगांधता पुरुषांतच फार आढळते, आणि ती मुलाला आईकडून येते. जखमेंतून रक्त न थांबण्याचा हीमोफिलिया हा आजारहि याच वाटेनें जातो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या वंशजांमार्फत तो यूरोपांतील कित्येक राजघराण्यांत शिरला होता.

याच जोडीवरून मूल मुलगा कीं मुलगी हें ठरतें. आई नेहमींच ‘एक्स’ देते. तिच्याजवळ दुसरें कांहीं नाहीं. ‘वाय’ आलें तर तें बापाकडूनच येतें. तथापि मुलगीच होते म्हणून छळ सोसावा लागला तो आईला. आणि जिच्याजवळ ‘वाय’ नाहीं तिलाच मुलासाठीं उपासतापास करावे लागले. इतकेंच नव्हे, तर गर्भाचें लिंग पाहून मुलीचा गर्भ पाडण्याची अमंगल चाल जेव्हां बोकाळली, तेव्हां तिच्याविरुद्ध कायदा करण्यांत महाराष्ट्रानें १९८८ सालीं पुढाकार घेतला. १९९४ सालीं साऱ्या देशासाठीं कायदा झाला. गंभीर आनुवंशिक रोगासाठीं गर्भाची तपासणी त्या कायद्याला मान्य आहे. लिंग सांगणें हा गुन्हा आहे.

कधीं कधीं एखादें जनुक बिघडलेलें नसतें. सबंध सूत्रच एक जास्त असतें. १९५९ सालीं पॅरिस येथें लजन, गोत्ये आणि त्युर्पें यांनीं दाखविलें कीं, डाऊन नांवाच्या वैद्यानें १८६६ सालीं वर्णिलेल्या मतिमंदत्वाच्या प्रकारांत एकविसाव्या क्रमांकाचीं सूत्रें दोनऐवजीं तीन असतात. हें बहुतेक वेळीं पिढीजात नसतें. बीजपेशी तयार होतांना सूत्रांची वाटणी चुकते. आईचें वय वाढलें असतां हा संभव वाढतो, तथापि तरुण आईच्या पोटींहि अशीं मुलें येतात. यांत आईची चूक कांहीं नाहीं. हीं मुलें प्रेमळ शिक्षणानें पुष्कळ गोष्टी शिकतात, आणि हृदयाचा दोष वेळींच दुरुस्त झाला तर दीर्घकाळ जगतात.

उलटपक्षीं मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे जे नित्य परिचयाचे रोग, त्यांना एकच एक जनुक कारण नाहीं. तेथें शेंकडों जनुकांचा थोडा थोडा वांटा असतो, आणि त्यांवर आहार, श्रम, तंबाखू, झोंप यांचा थर चढतो. बापाला मधुमेह आहे, म्हणून मुलानें हातपाय गाळून बसावें, असें शास्त्र सांगत नाहीं. त्यानें इतरांपेक्षां लौकर तपासणी करावी आणि अंगमेहनत सोडूं नये, असें सांगतें. बी कसें आहे हें ठरलेलें असलें, तरी मशागत आपल्या हातीं असते. हें शेतकऱ्याला निराळें सांगावयास नको.

सिकल सेलच्या बाबतींत काय करतां येतें, तें आतां थोडक्यांत पाहूं. बोटांतून रक्ताचा थेंब घेऊन तो एका द्रावणांत टाकतात. द्रावण गढूळ झालें तर दोषाचा संशय येतो. पण या सोप्या कसोटीनें वाहक आणि रोगी हा भेद कळत नाहीं. त्यासाठीं दुसरी, अधिक बारकाईची तपासणी करावी लागते. ती केल्यावांचून कोणालाहि रोगी ठरवूं नये. रोग्यानें पाणी भरपूर प्यावें, थंडी व अतिश्रम टाळावे, तापाची हयगय करूं नये. हायड्रॉक्सियुरिया या औषधानें कळांचे झटके पुष्कळ कमी होतात. तें वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावें. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें केंद्र सरकारनें राष्ट्रीय मोहीम आरंभिली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत या आजाराचें उच्चाटन करावें, असा तिचा संकल्प आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेंत जनुकांवरच शस्त्रक्रिया करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. रोग्याच्या मज्जेंतील पेशी काढून, त्यांच्या आज्ञांत बदल करून, त्या परत देतात. अमेरिकेंत त्याची किंमत सुमारें २२ लक्ष डॉलर ठेवली गेली. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरील मजुराला हा आंकडा मोजतांहि यावयाचा नाहीं. तोंवर त्याचें खरें रक्षण स्वस्तांतल्या तपासणींत आणि ज्ञानांत आहे.

हें ज्ञान जपून वापरावें लागतें, हेंहि तितकेंच खरें. तपासणी झाली, मुलगी वाहक निघाली, आणि गांवभर तिचा बोभाटा होऊन तिचें लग्न मोडलें, तर शास्त्रानें एका जुन्या अन्यायाला नवें हत्यार दिलें असें होईल. वाहकानें लग्न करूं नये असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. वाहकाचा विवाह निर्दोष रक्ताच्या व्यक्तीशीं झाला, तर मूल वाहक होऊं शकेल, पण या रोगानें आजारी पडणार नाहीं. दोन वाहकांचें लग्न आधींच झालें असेल, तर त्यांनीं खचून जाऊं नये. गर्भारपणाच्या आरंभींच वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि तपासणीचा कागद ज्याचा त्याच्याजवळ असावा. तो चावडीवर वाचावयाचा नव्हे.

आपल्याकडे विवाह ठरवितांना पत्रिका पाहतात. छत्तीसांपैकीं किती गुण जुळतात, एक नाडी येते कीं काय, याची चिकित्सा होते. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनीं ती खुशाल करावी. परंतु ज्या भागांत, ज्या घराण्यांत हा आजार माहीत आहे, तेथें वधूवर दोघांच्याहि रक्ताची तपासणी याद्या होण्यापूर्वीं व्हावी. आणि ती दोघांचीहि व्हावी, एकट्या वधूची नव्हे. वरपक्षानें आपल्या मुलाचा कागद आधीं पुढें ठेवला, तर वधूपक्षाला आपला दाखवितांना संकोच वाटावयाचा नाहीं.